कमी निघालं त्याच्याकडे चहा

आमच्या नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नवीन भूमापक आला की जुनी माणसं त्याला पहिल्याच आठवड्यात विचारतात, "चहा कुठं पेता, साहेब?" नवा माणूस सरळपणे समोरच्या टपरीचं नाव सांगतो. सगळे हसतात. तो गोंधळतो. मग कुणीतरी त्याला माझ्या टेबलाकडे पाठवतं आणि मी त्याला सुदाम भगतांची गोष्ट सांगते. हे इतक्या वेळा सांगून झालं आहे की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. पुढच्याला कागदच देता येईल.

भगत मूळचे किन्हीराजा गावचे. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. भगतांनी आयटीआयमधून सर्वेअरचा कोर्स केला आणि नगरपरिषदेत लागले. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही. माणूस समजायला त्याची गरजही पडली नाही.

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पायात कॅनव्हासचे बूट. शर्टाच्या खिशात खुणा करायचा गेरूचा खडा, त्यामुळे डाव्या छातीवर कायमचा तांबूस डाग. रत्नाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा बाजारात म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या ऑफिसातून आमच्या याईले एक डबी द्या न खड्यासाठी. साबण सरते, डाग नाई सरत." मी डबी दिली. भगत त्या डबीत खिळे ठेवू लागले. खडा खिशातच राहिला.

रस्त्याने चालताना ते माणसांच्या तोंडाकडे पाहत नसत. भिंतीच्या बुडाकडे पाहत. समोरून कुणी "जय भीम, भगतभाऊ" म्हटलं की "जय भीम" म्हणत आणि लगेच, "तुमची नाली तुंबली पाहा." लग्नाच्या मांडवात शिरले की आधी खांब एका ओळीत आहेत का ते बघायचं, मग नवरा-नवरीकडे. जयंतीच्या दिवशी विहारासमोर खुर्च्यांच्या ओळी आखायचं काम दरवर्षी त्यांचंच. चुन्याच्या रेघेबाहेर कुणी खुर्ची ओढली तर त्या माणसाला न उठवता खुर्चीसकट आत सरकवायचे.

आता काम काय, ते सांगते, कारण पुष्कळांचा गैरसमज असतो. दोन शेजाऱ्यांच्या खाजगी हद्दीची मोजणी आम्ही करत नाही, ते भूमी अभिलेखचं काम. नगरपरिषदेचा भूमापक रस्ते, नाल्या, बोळ यांची रेघ काढतो आणि कुणाचं बांधकाम त्या रेघेच्या आत आलं आहे ते सांगतो. म्हणजे तो जाईल तिथे कुणाचा तरी ओटा, कुणाची तरी पायरी, कुणाचं तरी न्हाणीघर धोक्यात येणार. असल्या माणसाला गावात कोण प्रेमाने बोलावणार? भगतांना बोलावत. का, ते पुढे येईलच.

कार्यालयात मोजणीचं नवं यंत्र आलं, तीन पायांवर उभं राहणारं, तेव्हा ते शिकून घेणारे पहिले भगतच. नकाशा ते यंत्रावरच करत. पण वाद असेल तिथे पिशवीतून टेप काढायचे. मी कारण विचारलं होतं.

"मशीन मले समजते, मॅडम," ते म्हणाले. "लोकाईले टेप समजते."

आणि टेप ते स्वतः धरत नसत. एक टोक या घरच्या मालकाने धरायचं, दुसरं समोरच्या मालकाने. दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद असलं तरी. भगत मध्ये उकिडवे बसणार आणि आकडा वाचायला लावणार, तोही मोठ्याने, दोघांनाही. ज्याने स्वतःच्या तोंडाने आकडा म्हटला तो नंतर सहसा भांडत नाही, असा त्यांचा अनुभव.

एकदा एका नगरसेवकाच्या कंपाउंडची भिंत नाल्यात आली होती. नगरसेवक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर आले. भगतांनी टेपचं टोक पुढे केलं तसा नगरसेवकांचा माणूस लगबगीने आला.

"तुमी राह्यनं द्या," भगत त्याला म्हणाले. "मालकालेच धरा लागते."

"अरे, त्यानं धरलं काय अन् म्या धरलं काय?" नगरसेवक म्हणाले.

"भाऊ, मत देतानी दुसऱ्याचा हात चालते काय?"

बघणारे हसले, नगरसेवकही हसले, आणि धोतर सावरत नाल्याच्या काठावर बसले. आकडाही त्यांनीच वाचला, आधी हळू, मग भगतांनी "आयकू नाई आलं" म्हटल्यावर जोरात. भिंत नाल्यात होती. पंचनामा लिहायला मी गेले होते. मी कागद आवरून निघाले तर भगत उलट फाटकातून आत चालले होते.

"कुठे निघालात?"

"चहा प्याले. याईचं कमी निघालं न."

ही त्यांची रीत. मोजणीत ज्याची जागा कमी निघाली त्याच्या घरी चहा प्यायचा. ज्याची जास्त निघाली त्याने कितीही आग्रह केला तरी पाणीसुद्धा नाही. यामुळे पहिली गोष्ट अशी झाली की लाचेचा संशयच कुणी घेतला नाही, कारण चहा पाजणारा नेहमी हरलेला. दुसरी गोष्ट मला उशिरा लक्षात आली. हरलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी कुणीच येत नाही. शेजारी दार लावून घेतात. भगत जाऊन बसायचे. काही वेळा चहा मिळायचा, काही वेळा शिव्या. शिव्या मिळाल्या तर त्या संपेपर्यंत बसायचे, आणि बहुतेक वेळा त्यानंतर चहा यायचाच.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दगड सरकत नाई, माणसंच सरकतात." हद्दीचा दगड असं त्यांना म्हणायचं असे. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की मी त्याकडे लक्ष देणं सोडलं होतं.

दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःला लावायचा, याचा त्रास घरच्यांना व्हायचा. मुलीच्या लग्नात सगळ्या वस्तीचं म्हणणं पडलं की मांडव रस्त्यावर टाकू, सगळेच टाकतात. भगत ऐकेनात. मांडव अंगणातच बसवला. अंगण केवढं, तर बैलगाडी वळणार नाही एवढं. पंगती मागून पंगती उठत राहिल्या. रिठदहून आलेला वरपक्षाचा एक म्हातारा वाट पाहून कंटाळला आणि म्हणाला, "भगत, तुमी रस्ता वाचवला अन् आमाले उपाशी मारलं." भगतांनी त्याला आधी आपल्या स्वतःच्या पाटावर बसवलं आणि म्हणाले, "जागा कमी हाय, भाजी कमी नाई." म्हातारा पोटभर जेवला, पण रागातच जेवला.

आता त्या बोळाची गोष्ट.

जुन्या दवाखान्यामागे एक अरुंद बोळ आहे. त्यात सिमेंटचा रस्ता आणि नाली मंजूर झाली. बोळाच्या दोन टोकांना जुने मोजणीचे दोन दगड, आणि त्या दोन दगडांमधली सरळ रेघ म्हणजे बोळाचा मध्य. मध्यापासून दोन्हीकडे सारखं अंतर घेतलं की हद्द निघाली, इतकं सोपं. अडचण एवढीच की पलीकडचा दगड केव्हाच डांबराखाली गेला होता. तिकडची खूण भगतांनी दवाखान्याच्या भिंतीवरून काढली. अलीकडचा दगड डोळ्यासमोर होता, पण त्याचा देव झाला होता. कुणीतरी कधीतरी शेंदूर लावला, पुढे नारळ फुटू लागले, मग लहानसा चौथरा आला.

या टोकाला बोळाच्या एका बाजूला कौसल्याबाई इंगोलेंचं घर. नवरा गेल्यापासून त्या ओट्यावर शिलाई मशीन ठेवून ब्लाउज शिवत. घर आतून अंधारं, दिवसाचा उजेड मिळतो तो ओट्यावरच. ओटा गेला तर धंदा गेला, असं साधं गणित. समोर गजानन राऊत, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्या दारापुढे ऐटदार पायऱ्या.

भगतांनी रीतीप्रमाणे दोघांच्या हातात टेप दिला. ओटा बोळात आला. पायऱ्या सुटल्या.

कौसल्याबाईंनी आकडा वाचला आणि टेप सोडून दिला. राऊत म्हणाले, "पुन्यांदा मोजाचं काय, बाई?" त्यात सहानुभूती कमी आणि खोच जास्त होती.

"कायले मोजाचं?" बाई म्हणाल्या. "भगतभाऊनं मोजलं म्हंजे मोजलं."

त्यांनी नोटिशीची वाट पाहिली नाही. भावाला बोलावून स्वतःच ओटा पाडला. मशीन आत नेलं. भगत चहा प्यायले, विटांच्या ढिगाशेजारी, उभ्यानेच, कारण बसायची जागाच गेली होती. नंतर कळलं की बाई दिवसासुद्धा बल्ब लावून शिवतात आणि काळ्या कापडाचं काम परत पाठवतात.

काही आठवड्यांनी ठेकेदाराने पलीकडच्या टोकाकडून खोदायला सुरुवात केली आणि डांबराखालचा दगड वर आला. भगत तिथेच होते. त्यांनी दगड धुतला, माथ्यावर कोरलेली मोजणीची फुली पाहिली, जिचा एक हात रेघेच्या दिशेला असतो, आणि त्या दिशेने रेघ ताणली. मग पुन्हा ताणली. मग ठेकेदाराला काम थांबवायला सांगून कार्यालयात आले.

मी साहेबांच्या केबिनमध्ये फाइल घेऊन उभी होते. साहेब म्हणजे आमचे अभियंता, माणूस वाईट नव्हे, पण काम अडलेलं त्यांना चालत नसे.

"साहेब, रेघ चुकली," भगत म्हणाले. "हातभर चुकली. इंगोलेबाईचा ओटा बोळात नोता. राऊतभाऊच्या पायऱ्या हायेत."

"ओटा तर पडला न?"

"पडला."

"मग? बाईची तक्रार हाय काय? नाई. राऊतची तक्रार हाय काय? नाई. तुमी कायले उकरून राह्यले, भगत? नाली थोडीशी वाकडी घ्या अन् मोकळे व्हा."

"तक्रार नाई म्हणूनच आलो, साहेब," ते म्हणाले. "तिनं तक्रार केली असती तं मी उत्तर शोधलं असतं. तिनं तं माह्यावर सोडून देलं."

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहून माझ्याकडे आवक नोंदीला दिला. चूक माझी, दगडाचा माथा न तपासता मोजणी केली, फेरमोजणी व्हावी. बास, एवढंच. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. माथा तपासल्याशिवाय हा माणूस टेप सोडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नखाने माती खरवडून फुली दिसेपर्यंत थांबणारा माणूस.

"का नाही पाहिला माथा?"

"शेंदूर होता, मॅडम."

"मग?"

"मी खरवडला असता तं कोणीतरी म्हणलं असतं, भगतानं मुद्दाम केलं. आमचं घर कोण्या वस्तीतलं, हे सगळ्याईले माहीत हाय." ते खिशातला खडा चाचपत राहिले. "कोणाचं मन नोको दुखाले, म्हणून हात नाई लावला. शेंदराखाली फुली रेघेत असन, असं धरून घेतलं. धरून घ्याचं नस्ते आपल्या कामात."

मी आत जाऊन अर्जावर शिक्का मारला.

फेरमोजणीला बोळातले सगळे जमले. दगड जुन्या जागेवर नाही हे भगतांना रेघेवरून कळलं होतं, पण सिद्ध कसं करणार? रेघ काही लोकांना दिसत नाही. शिवाय सरकवला कुणी, तेही माहीत नव्हतं. राऊत आपल्या पायरीवर हाताची घडी घालून बसलेले.

"माह्या पायरीले हात लावून दाखवा," ते म्हणाले. "एक डाव मोजलं, आता दुसऱ्या डाव वेगळं? तुमचा टेप हाय का रबर?"

भगत त्यांच्याकडे गेले नाहीत. ते देवापुढे जाऊन उकिडवे बसले, लोक चपला काढून ठेवतात तेवढ्या अंतरावर.

"चौथरा चांगला बांधला," ते म्हणाले. "कोणं बांधला?"

"म्या!" राऊत पायरीवरूनच म्हणाले. आवाज लगेच बदलला. "नळाची पाइपलाइन टाकतानी ते लेकाचे देव उपटून कचऱ्यात फेकून राह्यले होते. म्या आडवा झालो. म्हणलं, खबरदार! दुधानं धुतला, नारळ फोडला, सोताच्या हातानं बसोला. सिमेंट माह्यं, रेती माही."

"वा. अन् जागा तेच ठेवली?"

"तेच कशी ठेवन? तिथं पाइप नोता गेला काय! अन् मोटारसायकलवाले चाक घासत देवाले. जराशीक इकडं सरकोला." राऊत उठले, खाली आले आणि मोठ्या उत्साहाने पायाने जागा दाखवू लागले. "पयले इथं होता. बरोबर इथं. पाइपाच्या कडीले. आता पाहा, इकडं—"

आणि थांबले. त्यांचा पाय जिथे होता तिथून देव हातभर कौसल्याबाईंच्या घराकडे होता.

कौसल्याबाई दारातून म्हणाल्या, "देवानंच साक्ष देली, राऊतभाऊ. तीबी तुमच्याच तोंडून."

राऊतांचं तोंड बघवत नव्हतं. वाईट काही केलं नव्हतं त्या माणसाने. कचऱ्यात जाणारा देव वाचवला होता. भगत उठले आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"भाऊ, तुमची चूक नाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमी सरकोला तो देव. त्याले मोजणीचा दगड समजून मोजलं मी. पाहाचं काम माह्यं होतं."

"आता देव पुन्यांदा उचलाचा काय?" राऊतांनी विचारलं.

"तुमी ठरवा. देव तुमचा, हात तुमीच लावा. मी फक्त जागा सांगतो."

राऊत घरातून पहार आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. चौथरा त्यांनी स्वतः फोडला. दगड निघायच्या आधीच शेंदराचा पापुद्रा माथ्यावरून सुटला आणि खाली कोरलेली फुली दिसली, रेघेला तिरपी. भगत लांबूनच पाहत होते. राऊतांनी दगड पाइपाच्या कडेला बसवला, पाणी घातलं, हात जोडले. मग भगतांनी टेपची दोन टोकं दोघांना दिली. आकडा राऊतांनी वाचला. कुणी सांगावं न लागता, जोरात वाचला.

चहा मात्र मिळाला नाही. भगत रीतीप्रमाणे राऊतांच्या दारात जाऊन बसले, दार आतून लागलं ते उघडलं नाही. पंचनामा पूर्ण करून मी निघाले तेव्हा ते त्याच पायरीवर बसलेले होते, जी दोन दिवसांनी तुटणार होती.

पुढचं थोडक्यात. पायऱ्या तुटल्या, राऊतांनी आडव्या करून भिंतीला चिकटवून घेतल्या. कौसल्याबाईंचा ओटा बांधायला नगरपरिषदेच्या कोणत्याच नियमात तरतूद नव्हती, मी सगळे चाळून पाहिले. भगत सुट्टीच्या दिवशी जुन्या विटा साफ करून द्यायला जायचे, बाईंचा भाऊ बांधायचा. भगतांना कारणे दाखवा नोटीस आली, वेतनवाढ थांबली आणि मग बदलीचा आदेश, शेजारच्या जिल्ह्यात. साहेबांनी ती नाइलाजाने केली असं म्हणतात. असेलही. "दगड सरकत नाई" हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी काम पूर्ण झाल्याच्या अहवालावर त्यांची सही राहिली होती. कार्यालयात सापडले नाहीत, म्हणजे बोळात असणार, म्हणून मी तिकडे गेले. भगत नव्या ओट्याला टेकून उभे होते. कौसल्याबाई मशीनवर बसून काळ्या कापडाचा ब्लाउज शिवत होत्या, उन्हात. भगतांनी माझ्याच फाइलीवर कागद ठेवून सही केली.

"चहा ठेवू काय, भाऊ?" असं बाई विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी सुई वर घेतली, मशीन झाकलं आणि उठून चपला घातल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"तुमच्या घरी. चहा प्याले. यावेळी कमी तं तुमचंच निघालं न."

"बाई, सामान बांधलं सगळं. कप गोणीत हायेत."

"मग गोणी सोडा लागन."

समोरचं दार उघडलं. राऊत बनियनवर शर्ट घालत बाहेर आले. बटणं लावता लावता कुणाकडे न बघता म्हणाले, "रत्नावहिनीले सांगा, माह्या चहात साखर नोको. शुगर हाय मले."

"तुमाले कोणं बलावलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"देवाले सरकोलं कोणं? माह्यं काही लागत नाई काय यात?"

मलाही बोलावलं. पण अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता, म्हणून मी नाही म्हटलं. ते तिघं निघाले. बोळ अरुंद, त्यामुळे एकामागे एक. पुढे कौसल्याबाई, मागे राऊत, मध्ये भगत, खांद्याला पिशवी, खिशावर तांबूस डाग. बोळाच्या तोंडाशी दगडाजवळ आल्यावर राऊत क्षणभर थांबले, कपाळाला हात लावला. भगतही थांबले, त्यांचं होईपर्यंत. खाली पाहून त्यांनी माथ्यावरची फुली पाहिली आणि मग बाजूने पाय टाकून पुढे गेले.